बाप्तिस्म्याचं पाणी

"वहिनी, तुम्ही कशात आहात?" असं इथे सिंगापुरात कुणी विचारलं की विचारणाऱ्याला क्लाउड, डेटा, सायबर असं काहीतरी उत्तर अपेक्षित असतं. गणपतीच्या आरतीनंतर हातात मोदकाची प्लेट घेऊन उभा असलेला एखादा नवा इंजिनिअर हे हमखास विचारतो. मी सांगते, "दगडात." तो जरा थांबतो आणि म्हणतो, "म्हणजे रिअल इस्टेट?" मी पूर्वी समजावून सांगायचे. आता नुसती हसते आणि दुसरा मोदक घेते. पण आमच्या मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी कामाबद्दल लिहाच म्हणून गळ घातली आहे, तर एकदाचं सांगून टाकते. मी आजारी दगडांची दवादारू करायचे.

करायचे असं म्हणायचं, कारण आता निवृत्त आहे. म्हणजे पगार थांबला आहे, फोन थांबलेले नाहीत. हे काम मी पुण्याकडच्या जुन्या देवळांच्या खांबांवर शिकले, मग नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले आणि एका छोट्याशा कंपनीत लागले. गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची भेटली. पासिर रिसला आमच्याच ब्लॉकमधल्या एका गृहस्थांनी संगमरवरी कृष्ण बाथरूमच्या ॲसिडने घासून काढला होता आणि "आता याला जरा पॉलिश मारून द्या" म्हणून माझ्या दारात आणून ठेवला. कृष्णाचं नाक जवळजवळ गेलं होतं. एका चिनी देवळाच्या विश्वस्तांना दारावरच्या दगडी सिंहाच्या तोंडातला सुटा गोळा चिकटवून हवा होता, कारण येणारी-जाणारी पोरं तो फिरवत बसतात. मी नाही म्हटलं. ज्याने तो कोरला त्याने मुद्दाम सुटा ठेवला होता, सिंहाचं खेळणं आहे ते. विश्वस्त नाराज झाले, पण गोळा अजून फिरतो. तिकडून गेले की मीही एकदा फिरवून घेते.

सगळ्यात जास्त जीव मात्र माझा एका विलायती दगडात गुंतला. त्याचंच सांगते.

इथल्या एका जुन्या चर्चमध्ये दारातून आत गेल्यागेल्या डाव्या हाताला बाप्तिस्म्याचं दगडी कुंड आहे. इंग्रजीत त्याला फॉन्ट म्हणतात, मी कुंडच म्हणेन. ख्रिस्ती घरात बाळ जन्मलं की या कुंडातलं पाणी त्याच्या डोक्यावर घालून त्याला नाव देतात. चर्च इंग्रजांच्या काळातलं, पण कुंड त्याहून कितीतरी जुनं. इंग्लंडमधल्या एका खेड्याच्या चर्चमधून ते इथे आलं. त्या गावचा कुणी व्यापारी इकडे गबर झाला आणि त्याने ते मागवून घेऊन भेट दिलं, एवढं चौथऱ्यावरच्या पितळी पट्टीवर लिहिलेलं होतं. पट्टीवर देणाऱ्याचं नाव मोठं आणि गावाचं अगदी बारीक होतं.

मला बोलावलं तेव्हा कुंडाची बाहेरची बाजू खपल्या खपल्या होऊन गळत होती. खाली रोज पिठासारखा चुरा पडायचा. तिथले रेव्हरंड तमिळ, माझ्याहून वयाने बरेच लहान आणि बोलायला मऊ. ते म्हणाले, "मॅडम, समितीचं म्हणणं आहे की याला आता काचेच्या पेटीत ठेवावं आणि बाप्तिस्म्याला स्टीलचं भांडं वापरावं. तुमचं मत काय?"

मी म्हटलं, "आधी पेशंटला बघू तर द्या."

बघायला लागले आणि त्यातच रमले. चुनखडकाच्या एकाच ठोकळ्यातून काढलेलं पिंप म्हणावं तसं ते कुंड होतं आणि बाहेरून गोल कमानींची रांग कोरलेली होती. छिन्नीने नव्हे, छोट्या कुऱ्हाडीने घडवलेला दगड. तिरके घाव अजून बोटाला लागत होते. कारागिराने एका बाजूने कमानी कोरायला सुरुवात केली असणार, कारण पहिल्या कमानी ऐसपैस होत्या, पुढे पुढे अंग चोरत गेल्या आणि शेवटी जागाच उरली नाही म्हणून एक कमान अर्धीच दाटीवाटीने बसवून दिली होती. घाटातल्या देवळांतही असला अंदाज चुकलेला मी पाहिला आहे. हात फिरवताना मला त्या माणसाचं फार प्रेम वाटलं.

काठावर एका ठिकाणी अंगठा मावेल एवढा टवका उडालेला होता. त्याच्या बरोबर समोरच्या काठावरही तसाच एक. मी तो बघत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "ते मी नाही तोडलं हं. मी आलो तेव्हापासून तसंच आहे."

हे अंकल पीटर. पेरानाकन, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथेच रुजलेल्या जुन्या चिनी घराण्यातले, वय नव्वदीच्या घरात, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. तरुणपणापासून ते चर्चमध्ये सेवेकरी होते. मेणबत्त्या, फुलं, घंटा आणि हे कुंड, सगळं त्यांच्याकडे. कुंड भरायचं काम दुसऱ्या कुणाला ते करू देत नसत. जड जगमधून पाणी ओतताना डाव्या हाताचा अंगठा त्या टवक्यात रोवून ते उभे राहायचे. मला त्यांनी ते करूनही दाखवलं. माझं नाव त्यांना वैदेही असं कधी म्हणता आलं नाही, ते मला 'वेदी' म्हणायचे.

दोनचार दिवसांत आमची गट्टी जमली. मी जमिनीवर फतकल मारून बसलेली आणि ते बाकावर. एकदा त्यांनी विचारलं, "वेदी, याला झालंय तरी काय?"

मी त्यांना माठाचं उदाहरण दिलं. आमच्याकडे खाऱ्या विहिरीचं पाणी माठात भरलं की काही दिवसांनी माठ बाहेरून पांढरा पडतो. पाणी मातीतून झिरपत बाहेर येतं आणि उडून जातं, मीठ मागे राहतं. दगडाचंही तसंच. पाण्याबरोबर क्षार आतून बाहेर येतात, वरच्या सालीखाली त्यांचे खडे धरतात आणि ते फुगले की साल सुटते. मी त्यांना आतला सिमेंटचा गिलावा दाखवला. कुणीतरी गळती थांबवायला तो लावला होता, त्याला बारीक भेगा पडल्या होत्या आणि ते सिमेंटच दगडाला आणखी मीठ खाऊ घालत होतं. मला न उलगडलेली गोष्ट एकच होती. बाप्तिस्मा महिन्यातून एखादा, तोही घटकाभराचा. मग दगड इतका ओला कसा?

अंकल अभिमानाने म्हणाले, "ओला असणारच. मी पाणी कधी फेकत नाही. बाळाच्या डोक्यावरून आलेलं पाणी आहे ते, ते कसं फेकायचं? मी झाकण ठेवून देतो. आपोआप जाईल तेव्हा जाईल."

माझा चेहरा बोलला असावा. ते माठाकडून कुंडाकडे आपले आपणच आले.

"म्हणजे माझं पाणी? इतकी वर्षं माझंच पाणी याला खात होतं?"

दगडाच्या बाबतीत मला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "हो अंकल. पाणीच."

त्यांनी हातातलं फडकं घडी घालून बाकावर ठेवलं, छत्री घेतली आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्या रविवारीही आले नाहीत. रेव्हरंडांनी फोन केला तर म्हणाले, "काचेत ठेवा त्याला. माझ्या हातापासून लांब ठेवा."

नेमकं त्याच सुमारास त्यांच्या नातीला मुलगी झाली होती आणि तिचा बाप्तिस्मा याच कुंडात व्हावा ही अंकलचीच इच्छा होती. नात मला चर्चच्या अंगणात भेटली, बाळ पोटाशी बांधलेलं. म्हणाली, "आंटी, ते म्हणतात स्टीलच्या भांड्यात करा आणि मी घरी थांबतो. खरंच येणार नाहीत ते. काहीतरी करा ना." मी घरी येऊन लेकीला हे सांगितलं. आमची सानिका इथेच वाढलेली, वाक्याच्या शेवटी इथलं 'लाह' लावल्याशिवाय बोलत नाही. ती म्हणाली, "आई, यू फिक्स स्टोन, नॉट पीपल लाह." बरोबरच होतं तिचं. पण मला जेवण गेलं नाही.

दगडाचं काम चालूच होतं. सिमेंट टोकरून टोकरून काढलं. मग कागदाचा लगदा स्वच्छ पाण्यात भिजवून त्याचे लेप लावले. चेहऱ्याला मुलतानी माती लावतो तसा लेप वाळताना आतलं मीठ ओढून घेतो. तो काढायचा, नवा लावायचा, पुन्हा काढायचा. इथल्या दमट हवेत काहीच लवकर वाळत नाही, कपडे वाळत नाहीत तर दगड काय वाळणार. आमच्या धंद्यात हुशारी थोडी आणि वाट बघणं फार.

दगड कुठल्या खाणीचा हे कळावं म्हणून मी त्या इंग्लंडमधल्या गावच्या चर्चला आधीच लिहिलं होतं. तिथून मार्गारेट नावाच्या एका निवृत्त शिक्षिकेचं उत्तर आलं. त्या गावच्या चर्चची किल्ली तिच्याकडे असते. व्हिडिओ कॉलवर ती स्वेटर घालून, फोन हातात धरून मला तिचं चर्च फिरवून दाखवायला लागली. म्हणाली, "पहिल्यांदा इथे बहुधा लाकडाचं छोटं घर होतं. मग जाड भिंतींची एक दगडी खोली झाली, खिडक्या अगदी हातभर. गावाकडे एवढीच ऐपत. बुरूज, मोठ्या खिडक्या, सगळं नंतरचं, मेंढ्यांच्या लोकरीवर गाव सुधारल्यावरचं. तेव्हाच्या श्रीमंतांना ते अर्ध्या कमानीचं कुंड गावंढळ वाटलं असणार. त्यांनी नवं अष्टकोनी केलं आणि जुनं गेलं शेतावर, गुरांना पाणी पाजायला. तुमच्याकडे आलं ते शेतावरून."

मग तिने फोन खाली वळवला. दाराजवळच्या फरशीत एक गोल तुकडा वेगळ्या दगडाचा होता. "इथे होतं ते. या चर्चमधली सगळ्यात जुनी गोष्ट आता तुमच्याकडे आहे."

मी तिला काठावरच्या टवक्यांबद्दल विचारलं. ती हसली. "ते कुलपाचे. झाकणाला कुलूप असायचं आणि त्याची लोखंडी कडी काठात शिसं ओतून बसवलेली असायची. पुढे कुणीतरी कडी उपटून काढली की तेवढा दगड निघून येतो. जुन्या कुंडांना असे टवके बरेच दिसतात."

"पाण्याला कुलूप कशाला?"

"पाणी वर्षातून एकदोनदाच मंत्रून घ्यायचे ना. मग ते महिनोन्‌महिने कुंडातच राहायचं. लोक ते चोरायचे, आजाऱ्याला पाजायला, गाईवर शिंपडायला, करणी काढायला. म्हणून कुलूप."

मी खुर्चीतून उठलेच. विचारलं, "महिनोन्‌महिने पाणी? मग दगड टिकला कसा?"

"आतून शिशाचं अस्तर होतं म्हणून. तुमच्यात नाही का? मग शेतावर असताना कुणी विकून खाल्लं असेल. शिशाला तेव्हा भाव होता."

मी तिला विनंती केली की हेच सगळं तिने आणखी एकदा, एका माणसासमोर सांगावं.

अंकल पीटर मरीन परेडला एका फ्लॅटमध्ये एकटे राहायचे. मी टॅब्लेट पिशवीत घालून गेले. त्यांनी दार उघडलं, कोपी म्हणजे इथली दाट कॉफी केली, कुए नावाच्या नारळाच्या हिरव्या मऊ वड्या बशीत मांडल्या, आणि कुंडाचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. नुसता मार्गारेटला कॉल लावला आणि टॅब्लेट बशीला टेकवून उभा केला. दोघं एकमेकांना आधी वय विचारून मोकळे झाले. मग तिने सगळं सांगितलं, ती छोटी खोली, नवं कुंड, गुरं, कुलूप. कुलपाच्या टवक्यांचं ऐकताना अंकल स्वतःचा अंगठा बघत होते.

"म्हणजे ते लोकसुद्धा पाणी फेकायचे नाहीत?" त्यांनी विचारलं.

"मुळीच नाही," मार्गारेट म्हणाली. "तुम्ही करत होता तेच. फक्त त्यांच्याकडे शिसं होतं."

कॉल संपल्यावर ते उठून आतल्या खोलीत गेले, एक लहानशी चौकट घेऊन आले आणि माझ्या हातात दिली. फोटोत एक तरुण बाई आणि तिच्या मांडीवर पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. बाळाचा चेहरा नीट दिसतही नव्हता.

"अ‍ॅग्नेस," अंकल म्हणाले. "माझी पहिली मुलगी. जन्मतःच हृदय कमजोर होतं. डॉक्टर म्हणाले फार दिवस नाहीत. आम्ही तिला घाईने चर्चमध्ये नेलं. त्या वेळी मी चर्चमध्ये नवाच होतो. सगळे गेल्यावर कुंड रिकामं करायचं काम माझं. मी भांडं घेऊन उभा राहिलो वेदी, पण मला ते पाणी टाकता आलं नाही. झाकण ठेवून घरी आलो. त्याच आठवड्यात ती गेली. मग पुढच्या बाळाचं तरी कसं फेकायचं? सगळ्यांचं ठेवायला लागलो."

मला रडू आलं. त्यांनीच मला टिश्यूचा डबा पुढे केला.

मग मी त्यांना आमच्याकडची रीत सांगितली. अभिषेकाचं तीर्थ आम्हीही मोरीत ओतत नाही. कुणाच्या पायाखाली येऊ देत नाही. पण साठवूनही ठेवत नाही. घरातलं मोठं माणूस ते झाडाच्या मुळाशी घालतं. माझे वडील अंगणातल्या पारिजातकाला घालायचे, आणि आम्ही पोरं त्या पाण्यावरून उडी मारायला धजत नसू.

"झाडाला," अंकल म्हणाले.

"चर्चच्या मागे चाफा आहे ना, त्याला."

त्यांनी कुएची बशी तेवढी माझ्याकडे सरकवली.

आता कुंडाला अस्तर हवं होतं. शिसं आजच्या काळात कुणी बाळाच्या पाण्याजवळ येऊ देणार नाही. बेताचं, गोल, उचलून बाहेर काढता येईल असं भांडं बनवून घ्यायचं तर बाप्तिस्म्याच्या तारखेपर्यंत ते होणं शक्य नव्हतं. मी संध्याकाळी घरी आले, बूट काढले आणि छत्री ठेवायला वाकले. आमच्या छत्र्या ज्यात असतात ते पितळी घंगाळ माझ्यासमोर होतं. सानिकाच्या जन्माच्या वेळी आईने ते पुण्याहून विमानात आणलं होतं, आतून कल्हई करून. विमानतळावर त्याच्यापायी तिने बरंच ऐकून घेतलं होतं. सानिकाची पहिली आंघोळ त्यातच झाली. पुढे फ्लॅटमध्ये त्याला काम उरलं नाही आणि त्यात छत्र्या आल्या. मी छत्र्या काढून टेप लावली. काठ एवढा मिळता आला की मी दुसऱ्यांदा मोजलं.

समितीसमोर मी ते घेऊन गेले तेव्हा एका सदस्याने विचारलं, "हे काय, बाळाचा आंघोळीचा टब?" मी म्हटलं, "हो, तेच आहे." रेव्हरंड हसून म्हणाले, "मग बाप्तिस्मा दुसरं काय असतो." काचेची पेटी तिथेच रद्द झाली. माझ्या अहवालात मी लिहिलं की पाणी साठवून ठेवण्याची रीत या कुंडाच्या मूळ रीतीला धरूनच होती, नुकसान हरवलेल्या अस्तरामुळे आणि नंतरच्या सिमेंटमुळे झालं. त्यातला शब्दन्‌शब्द खरा आहे.

बाप्तिस्म्याच्या सकाळी मी लवकर गेले. पितळ दगडाला लागू नये म्हणून फोमच्या पट्ट्या लावून घंगाळ आत बसवलं. लोक जमले. नात आली, बाळ आलं. अंकलचा पत्ता नव्हता. रेव्हरंडांनी माझ्याकडे पाहिलं, मी दाराकडे. जग भरून तयार होता आणि कुणीच तो उचलत नव्हतं.

मग ते आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात छत्री. सरळ कुंडाजवळ आले, वाकून घंगाळ नीट बघितलं, त्याची कडी एकदा वाजवून बघितली. मला हळूच विचारलं, "हे कशासाठी वापरायचीस?"

"माझ्या मुलीची पहिली आंघोळ यात झाली, अंकल."

त्यांनी मान हलवली, डावा अंगठा काठावरच्या त्या टवक्यात रोवला, आणि जग उचलला.

बाळाचं नाव अ‍ॅग्नेस ठेवलं. मला ते आधी माहीत नव्हतं, अंकलनाही नव्हतं. नातीने कुणालाच सांगितलं नव्हतं. नाव उच्चारलं गेलं तेव्हा त्यांनी काठ घट्ट धरून ठेवला. पाणी पडताच अ‍ॅग्नेस सणसणीत ओरडली आणि सगळ्या चर्चला बरं वाटलं.

सगळे फोटो काढायला बाहेर गेल्यावर आम्ही दोघांनी दोन कड्या धरून घंगाळ उचललं. मागच्या चाफ्यापर्यंत नेईस्तोवर ते जड वाटायला लागलं. मी माझी बाजू वर करायला तयार होते, पण अंकलनी ते लगेच कलतं केलं नाही. पाण्याकडे बघत उभे राहिले. मग अगदी थोडं थोडं मुळाशी ओतायला लागले. "हळू गं बाळा, हळू," असं ते इंग्रजीत पुटपुटत होते. कुठल्या बाळाला, ते मी विचारलं नाही.

शेवटचा थेंबही गेल्यावर त्यांनी खिशातून घडी घातलेलं फडकं काढलं आणि रिकाम्या घंगाळासकट माझ्या हातात दिलं.

"नीट कोरडं कर हं, वेदी," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात अजून एक बाळ आहे."